अनुदिनी आणि अध्ययन

'ब्लॉग' हा शब्द आता मराठीत रुळला आहे आणि त्याला 'अनुदिनी' असा सुबक पर्यायही मिळाला आहे. परंतु या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास ते थेट समुद्रावर जाऊन पोहोचते. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकीत आणि ठराविक वेळात किती दोरी सुटली यावरून वेगाचा हिशेब करीत. या लाकडाला इंग्रजीत 'लॉग' म्हणत आणि हिशेब ज्या वहीत उतरवीत ती 'लॉगबुक'. पुढे प्रवासातील सर्वच दैनंदिन घडामोडी त्या वहीत नोंदल्या जाऊ लागल्या. संगणकांच्या जाळ्यावर, म्हणजे 'वेब'वर, ठेवलेली अशी नोंदवही तो 'वेबलॉग'. अमेरिकेतील जॉर्न बार्जर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये हा शब्द वापरात आणला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी गमतीने त्याची 'वी ब्लॉग' अशी फोड केली आणि पुढचा अवयव गळून 'ब्लॉग' तेवढा उरला. पालीच्या अभ्यासकाला पदच्छेदाच्या अशा गमती नवीन नाहीत. फरक इतकाच की येथे ती गंमत कोणी, कोणत्या वर्षी केली हे निश्चित सांगता येते.

सूक्ष्म अनुदिनीचा, म्हणजे 'मायक्रोब्लॉग'चा, जन्म २००६ मधील. ट्विटर हे तिचे सर्वपरिचित रूप. त्याची १४० अक्षरांची मर्यादा कोणा साहित्यशास्त्रज्ञाने ठरविलेली नव्हती. भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशात १६० अक्षरे मावत. त्यांपैकी २० लेखकाच्या नावासाठी राखून उरलेली १४० मजकुराला दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ही मर्यादा २८० झाली, आणि जुलै २०२३ मध्ये ट्विटरचे नावही बदलून 'एक्स' झाले. माध्यमे अशी नावे व रूपे बदलीत राहतात. म्हणून शिक्षणाच्या दृष्टीने विचार करताना विशिष्ट कंपनीचा विचार न करता लेखनप्रकाराचा विचार करणे अधिक श्रेयस्कर. नवी नोंद सर्वांत वर, प्रत्येक नोंदीला स्वतंत्र व स्थिर पत्ता, आणि नोंदीखाली वाचकाला उत्तर लिहिण्याची जागा ही या लेखनप्रकाराची लक्षणे होत. ही लक्षणे वरवर तांत्रिक वाटतात. परंतु अध्ययनाशी त्यांचा निकट संबंध आहे.

तो कसा, हे समजण्यासाठी आपल्या विद्यार्थ्याच्या सध्याच्या लेखनाकडे पाहावे लागेल. आपला विद्यार्थी पहिलीपासून पदवीपर्यंत सतत लिहीत असतो, पण त्याचे लेखन वाचतो कोण? उत्तरपत्रिका एकच व्यक्ती वाचते, तीही गुण देण्यासाठी, आणि यथावकाश ती रद्दीत जाते. लिहिलेल्या विधानाला कोणी प्रश्न विचारील, त्याचा प्रतिवाद करील, किंवा 'हे मला समजले नाही' असे म्हणेल, हा अनुभवच त्याच्या वाट्याला येत नाही. परिणामी लेखन म्हणजे पाठ केलेले परत करणे, अशी त्याची समजूत दृढ होते. याउलट लेखन हेच विचार करण्याचे साधन आहे, हे शिक्षणशास्त्रात फार पूर्वी मांडले गेले आहे. जेनेट एमिग यांनी १९७७ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात लेखन ही शिकण्याची एक स्वतंत्र रीत आहे, असे प्रतिपादन केले होते. सेमूर पॅपर्ट यांनी त्यात आणखी एका मुद्द्याची भर घातली. मनुष्य इतरांना दाखविता येईल अशी एखादी वस्तू घडवितो तेव्हा तो अधिक खोलवर शिकतो, असे त्यांचे म्हणणे. अनुदिनीत हे दोन्ही विचार एकत्र येतात.

या साधनाची शक्ती दाखविणारे सर्वांत ठळक उदाहरण गणिताच्या क्षेत्रातील आहे. ते थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. केंब्रिजचे गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांनी जानेवारी २००९ मध्ये आपल्या अनुदिनीवर एक प्रश्न विचारला: अनेक माणसांनी मिळून, सर्वांसमक्ष, गणितातील एखादा कठीण प्रश्न सोडविणे शक्य आहे काय? त्यासाठी त्यांनी निवडलेल्या प्रमेयाची एक सिद्धता १९९१ मध्ये फर्स्टेनबर्ग आणि कॅट्झनेल्सन यांनी दिलेली होती. ती अतिशय अप्रत्यक्ष होती. अधिक साधी, प्रत्यक्ष मोजणीवर आधारलेली सिद्धता हवी होती. गॉवर्स यांनी सहभागाचे नियमही घालून दिले. त्यांतील एका नियमानुसार मांडलेला विचार अपुरा, चाचपडणारा, प्रसंगी चुकीचाही असला तरी चालेल. मात्र तो थोडक्यात व इतरांना समजेल असा मांडावा. कोणी एकट्याने दूर बसून पूर्ण सिद्धता करून आणावी, हे अपेक्षित नव्हते.

पहिला प्रतिसाद काही तासांनी कॅनडातील एका प्राध्यापकाकडून आला. दुसरा त्यानंतर पंधरा मिनिटांत आला, तो अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील एका माध्यमिक शाळेच्या शिक्षकाचा होता. तिसरा अवघ्या तीन मिनिटांनी आला आणि तो होता टेरेन्स टाओ यांचा, म्हणजे गणितातील सर्वोच्च समजले जाणारे फील्ड्स पदक मिळविलेल्या विद्वानाचा. (हे पदक स्वतः गॉवर्स यांनाही मिळालेले आहे.) सुमारे ३७ दिवसांत २७ जणांनी जवळजवळ ८०० प्रतिसाद लिहिले आणि प्रश्न सुटला. पुढे हा शोधनिबंध 'डी. एच. जे. पॉलिमॅथ' या सामुदायिक टोपणनावाने 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' या श्रेष्ठ नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

शिक्षणाच्या दृष्टीने या प्रसंगातील सिद्धतेपेक्षा त्या ८०० प्रतिसादांचे मोल मला अधिक वाटते. ते आजही वाचता येतात. पाठ्यपुस्तकात आपल्याला सिद्धता दिसते ती धुऊन-पुसून ठेवलेली. तिच्यामागच्या चुका, माघारी आणि फसलेले प्रयत्न दिसत नाहीत. त्यामुळे सामान्य विद्यार्थ्याला असे वाटते की विद्वानांना सर्व काही एकदम सुचते आणि आपल्याला सुचत नाही म्हणून आपण मंद. ज्यांच्या घरात शिकण्याची पहिलीच पिढी आहे, त्या विद्यार्थ्याच्या मनात ही समजूत तर विशेष खोल जाते. त्याला ती अनेकदा बाहेरून ऐकविलीही जाते. फील्ड्स पदकाचे मानकरी सर्वांसमक्ष चुकत आहेत, एक शाळामास्तर त्यांच्या पंक्तीला बसून सूचना करीत आहे, आणि त्या सूचनेचा विचार होत आहे, हे पाहणे हेच एक मोठे शिक्षण आहे. टाओ यांनी हा परिपाठ पुढेही चालू ठेवला. आपल्या वर्गातील व्याख्यानांची टिपणे ते अनुदिनीवर ठेवतात, वाचक त्यांतील चुका दाखवितात आणि सुधारलेली टिपणे ग्रंथरूपाने निघतात. २०१५ मध्ये त्यांच्या एका नोंदीखाली एका वाचकाने सुचविले की, या विषयाचा संबंध पॉल एर्डिश यांच्या सुमारे ८० वर्षे अनुत्तरित असलेल्या एका प्रश्नाशी असावा. टाओ यांना ते आरंभी पटले नाही. परंतु विचारांती तो संबंध खरा ठरला आणि त्याच महिन्यात त्यांनी तो प्रश्न सोडविला.

हे सर्व थोरामोठ्यांचे झाले, शाळेतील मुलाचे काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याचे उत्तर स्कॉटलंडमध्ये मिळते. एप्रिल २०१२ अखेर मार्था पेन या नऊ वर्षांच्या मुलीने वडिलांच्या मदतीने एक अनुदिनी सुरू केली. शाळेत मिळणाऱ्या दुपारच्या जेवणाचे छायाचित्र, त्यावर आपण दिलेले गुण, घास किती झाले याची मोजदाद आणि दोन-चार वाक्ये, एवढाच तिचा ऐवज. थोड्याच आठवड्यांत जगभरातील मुले आपापल्या शाळांतील ताटांची छायाचित्रे तिला पाठवू लागली. जूनमध्ये स्थानिक प्रशासनाने तिला छायाचित्रे घेण्यास मनाई केली, तेव्हा इतका गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी ती मनाई मागे घ्यावी लागली. तिच्या आवाहनातून एका सेवाभावी संस्थेसाठी एक लाख पौंडांहून अधिक निधी जमला आणि आफ्रिकेतील मलावी देशात एका शाळेचे स्वयंपाकघर उभे राहिले. निरीक्षण, मोजणी, वर्णन आणि तुलना ही अभ्यासाची चारही अंगे त्या मुलीच्या लेखनात होती. आपल्याकडे शालेय पोषण आहाराची ताटे रोज कोट्यवधी मुलांपुढे येतात. त्यांच्याविषयी एखाद्या पाचवीतील मुलीने असे लिहिले तर काय होईल, याचा विचार वाचकांनी करावा.

आता सूक्ष्म अनुदिनीकडे वळू. तिच्याविषयीचे पुरावे परस्परविरुद्ध आहेत आणि म्हणूनच ते उद्बोधक आहेत. रेनॉल्ड जुंको आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाचे १२५ विद्यार्थी होते. त्यांपैकी ७० जणांच्या अभ्यासक्रमात ट्विटरचा समावेश केला, ५५ जणांच्या केला नाही. सत्राअखेरीस पहिल्या गटाचा अभ्यासातील सहभाग अधिक वाढलेला आढळला आणि त्याचे गुणही सरस होते. परंतु त्याच संशोधकांच्या २०१३ मधील पुढील अभ्यासातून दिसले की जेथे वापर ऐच्छिक ठेवला आणि शिक्षक स्वतः त्यात उतरले नाहीत, तेथे हा लाभ दिसत नाही. म्हणजे लाभ यंत्राचा नव्हता. यंत्रामार्गे वर्गाबाहेरही उपलब्ध राहिलेल्या शिक्षकाचा होता.

दुसरा प्रयोग इटलीतील. तेथील सुमारे ७० माध्यमिक शाळांतील जवळजवळ १,५०० विद्यार्थ्यांना लुइजी पिरान्देल्लो यांची १९०४ मधील 'इल फू मात्तिया पास्काल' ही कादंबरी अभ्यासावयाची होती. काही शाळांत नेहमीच्या पद्धतीने शिकविले गेले. काहींत विद्यार्थ्यांनी कादंबरीतील वाक्ये, त्यांवरील भाष्ये आणि एकमेकांना उत्तरे ट्विटरवर लिहिली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष धक्कादायक होते. ट्विटर वापरलेल्या विद्यार्थ्यांचे आकलन चाचणीतील गुण प्रमाण विचलनाच्या २५ ते ४० टक्क्यांनी कमी भरले. सांख्यिकीच्या भाषेत ही घट किरकोळ नव्हे. विशेष म्हणजे आधीपासून हुशार असलेल्या विद्यार्थ्यांचे नुकसान अधिक झाले.

असे का व्हावे? माझ्या मते याचे उत्तर शोधण्यास पाली वाङ्मयातील एक जुना भेद उपयोगी पडतो. तेथे 'उद्देस' आणि 'निद्देस' अशा दोन पायऱ्या आहेत. उद्देस म्हणजे विषयाचे संक्षिप्त विधान, निद्देस म्हणजे त्याचा पदशः विस्तार. मज्झिमनिकायातील मधुपिण्डिक सुत्तात भगवान बुद्ध थोडक्यात एक विधान करून विहारात निघून जातात. भिक्खूंना त्याचा अर्थ उलगडत नाही. ते महाकच्चान स्थविरांकडे जातात, स्थविर ते विधान विस्ताराने उलगडून दाखवितात आणि पुढे भगवंत त्या विस्ताराला संमती देतात. संक्षिप्त विधान तेथे विचाराला चालना देते, पण विचाराची जागा घेत नाही. ते ऐकून भिक्खू स्वस्थ बसले असते तर सुत्त तेथेच संपले असते. सूक्ष्म अनुदिनी हा उद्देसाचा प्रकार होय. इटलीतील मुलांनी कादंबरीचे तुकडे केले, ते एकमेकांना दाखविले; आणि तुकडे हाताळणे म्हणजेच कादंबरी वाचणे अशी त्यांची समजूत झाली असावी, असे मला वाटते. ज्याला पूर्ण वाचनाची सवय होती त्याचे नुकसान अधिक झाले, याचाही उलगडा यातून होतो. त्याचा वाचनाचा वेळ या तुकड्यांनी खाल्ला.

याचा अर्थ संक्षेप निरुपयोगी आहे असा नव्हे. पूर्ण प्रकरण वाचून झाल्यावर त्याचा आशय २८० अक्षरांत बसविणे हा उत्तम व्यायाम आहे. काय गाळावयाचे हे ठरविण्यासाठी काय महत्त्वाचे हे कळावे लागते. मात्र मराठी शिक्षकाने येथे एक बाब ध्यानात ठेवावी. संगणक देवनागरीची मोजणी आपल्याप्रमाणे करीत नाही. मूळ अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातील न दिसणारे हलन्त चिन्ह या प्रत्येकाला तो स्वतंत्र एकक मानतो. 'विद्यार्थ्यांनी' हा शब्द आपण उच्चारतो तो चार अक्षरांत. संगणकाच्या लेखी तो १५ चिन्हांचा आहे. तेव्हा २८० ची मर्यादा मराठीत पुष्कळच अधिक जाचक होते, आणि जोडाक्षरांनी भरलेली संस्कृतप्रचुर भाषा लिहिणाऱ्याला तर सर्वाधिक. साधे, तद्भव शब्द वापरणारा येथे फायद्यात राहतो. (प्रस्तुत लेखाची भाषा या कसोटीस उतरणार नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.) पालीत संस्कृतातील 'धर्म' 'धम्म' झाला आणि 'सूत्र' 'सुत्त' झाले, तरी जोडाक्षरे राहिलीच. संगणकाच्या हिशेबात त्यामुळे विशेष बचत होत नाही.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या साधनाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले, तेव्हा छपाई, कागद आणि टपालखर्च यांची तोंडमिळवणी करणे हीच मोठी लढाई होती. दोन्ही पत्रे अल्पायुषी ठरली. आज एका विद्यार्थ्याला हाताशी असलेल्या भ्रमणध्वनीवरून विनामूल्य प्रकाशन करता येते. प्रकाशनाची किंमत शून्यावर आली आहे. परंतु प्रकाशित होण्याची किंमत शून्यावर आलेली नाही, आणि हा भेद शिक्षकाने विसरता कामा नये.

आपल्याकडे आडनाव हे केवळ आडनाव नसते. विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने सर्वांसमक्ष लिहिले की त्याच्या मुद्द्याआधी त्याची जात वाचली जाते, आणि पुढील प्रतिसाद मुद्द्याला येतील की जातीला, हे त्याच्या हातात राहत नाही. मुलींच्या बाबतीत हा त्रास दुहेरी असतो. जालावर लिहिलेल्या मजकुराची किंमत मोजावी लागते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे मुंबईतील बंदविषयीच्या फेसबुकवरील एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. एकीने तो लिहिला होता, दुसरीने केवळ पसंती दर्शविली होती. या घटनेनंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले. कलम गेले, परंतु अनुभव राहिला. पंधरा वर्षांच्या मुलाने आज लिहिलेले वाक्य तो नोकरीच्या मुलाखतीला जाईल तेव्हाही सापडू शकते. कायदाही आता याची दखल घेऊ लागला आहे. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणविषयक अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना 'एक्स'सह प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मज्जाव केला आहे.

म्हणून शालेय वर्गासाठी सार्वजनिक सूक्ष्म अनुदिनी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेत हवी ती वर्गाची बंद अनुदिनी. तिचे दार शिक्षक, विद्यार्थी आणि इच्छा असल्यास पालक यांनाच उघडे असावे. ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये सुरू झालेली 'एड्यूब्लॉग्ज' ही सेवा अशाच गरजेतून निघाली, आणि २००३ पासून उपलब्ध असलेल्या 'वर्डप्रेस' या मुक्त प्रणालीवरही अशी व्यवस्था करता येते. प्रत्येक विद्यार्थ्याने टोपणनाव घ्यावे. खरे नाव शिक्षकापाशी असले म्हणजे पुरे. पॉलिमॅथच्या गणितज्ञांनाही टोपणनाव चालले, तेव्हा यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आठवड्यास एक नोंद आणि इतरांच्या दोन नोंदींवर प्रतिसाद, यापेक्षा अधिक भार घालू नये. ज्याच्या घरी यंत्र नाही त्याने वहीत लिहावे आणि शाळेतील संगणकावर ते उतरवून घ्यावे. अन्यथा हे साधन सवलत असलेल्यांचीच सोय पाहील. प्रतिसाद लिहिण्यापूर्वी नोंद पूर्ण वाचली आहे, हे प्रतिसादातच दिसले पाहिजे. मुख्य म्हणजे शिक्षकाने स्वतः लिहावे, आणि अपुरे विचारही लिहावेत. जुंको यांच्या दोन अभ्यासांतील फरक नेमका येथे होता. चाळीस-पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येक नोंदीला उत्तर देणे शिक्षकाला अशक्य आहे. पण दर आठवड्यास पाच-सहा नोंदी निवडून त्यांना सविस्तर उत्तर देणे शक्य आहे, आणि ते उत्तर सर्वच वाचतात.

महाविद्यालयातील प्रौढ विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी. २००८ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी चालविलेल्या अभ्यासवर्गात शुल्क भरणारे विद्यार्थी सुमारे २५ होते आणि जालावरून विनामूल्य सामील झालेले २,००० हून अधिक. त्यांतील अनेकांनी आपापल्या अनुदिनीवर लिहिले आणि त्या विखुरलेल्या नोंदींचे संकलन दररोज सर्वांना पाठविले जाई. मराठीत पाली, इतिहास किंवा समाजशास्त्र शिकणारे विद्यार्थी निरनिराळ्या गावी दोघे-चौघे असे विखुरलेले असतात. त्यांना एकत्र आणण्यास ही रीत अनुकूल आहे.

एक सावधगिरी मात्र सर्वांनाच हवी. या सेवा चिरस्थायी नसतात. अनुदिन्या एकत्र वाचण्यासाठी असंख्य शिक्षक वापरीत असलेली 'गूगल रीडर' ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. भारतीय भाषांसाठी २०२० मध्ये निघालेले आणि मराठीतही चालणारे 'कू' हे सूक्ष्म अनुदिनीचे माध्यम जुलै २०२४ मध्ये बंद पडले. ताडपत्रांच्या नकला करणाऱ्यांना जे ठाऊक होते ते आपल्यालाही लागू आहे: ज्याची दुसरी प्रत नाही ते हरवते. वर्डप्रेस व ब्लॉगर या दोन्ही प्रणालींत सर्व मजकूर एकत्रितपणे उतरवून घेण्याची सोय आहे. सत्र संपताच शिक्षकाने ती प्रत काढावी, विद्यार्थ्यांकडून निवडक नोंदींचे संपादन करून घ्यावे आणि त्यांची छापील, बांधलेली एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात दाखलखारिज क्रमांक घालून ठेवावी. पुढच्या वर्षीच्या वर्गाने आपली पहिली नोंद ती प्रत वाचून लिहावी.